मधली खिडकी

“मधली खिडकी तेवढी राहू द्या, पलीकडं आई एकटीच असते,” असं द्वारकाबाईंच्या लेकीनं किल्ली देतानाच सांगितलं होतं. मी नुसतं हो म्हणाले.

उस्मानपुऱ्यातलं ते घर पार मोडकळीला आलेलं. दुरुस्ती आम्ही करायची, बदल्यात भाडं कमी. मिस्त्री म्हणाला, “ताई, आधी छत करू. खिडकी बुजवण्यात कशाला पैसे घालता?” पण द्वारकाबाई दोन्ही घरांमधल्या भिंतीतल्या त्या खिडकीतून दिवसभर विचारायच्या, “काय गं पोरी, भाजी कोणती केली?” आणि माझं बाळ दचकून उठायचं. मी छतावर ताडपत्री टाकली आणि खिडकी विटांनी बुजवून घेतली.

बाळ शांत झोपू लागलं. पंधरा दिवसांनी द्वारकाबाई फाटकाशी दिसल्या, हाताला प्लास्टर. हसत म्हणाल्या, “न्हाणीत पडले. लई हाका मारल्या गं तुला.”

गेल्या महिन्यात आमची पुण्याला बदली झाली. ते घर अजून रिकामंच आहे, आणि त्यांच्या लेकीला फोन करायला मला तोंड नाही. तुम्ही तिकडं राहत असाल, तर गिरणीमागचं द्वारकाबाईंचं निळं दार एकदा वाजवून बघाल का? उघडेपर्यंत थांबा.