सतराचा पाढा

"बाई, दार उघडा ना!"

बाईंचा हात कडीपर्यंत जाऊन मागे आला. त्या पुन्हा खोलीभर येरझाऱ्या घालू लागल्या. मनोरुग्णालयातून आल्यापासून डोक्यातले आवाज थांबले होते. आता दाराबाहेर कोणी नसलंच, तर पुन्हा तेच सगळं: इंजेक्शनं, गजांची खिडकी. विचारायला बहीणही घरात नव्हती. भाजी आणायला गेली होती.

"बाई, मी शर्वरी! शिकवणीला आलेय. आई म्हणाली, तुम्ही बऱ्या झालात."

आजारातले आवाजही असेच ओळखीच्या नावांनी बोलायचे.

"सतराचा पाढा म्हण," त्या आतूनच म्हणाल्या.

"आल्या आल्या पाढा? दार तरी उघडा!"

"म्हण आधी."

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक... चोक... चौसष्ट!"

बाई थबकल्या. डोक्यातल्या आवाजांनी शिव्या दिल्या असत्या, धमकावलं असतं. पण उभा जन्म पाढे शिकवलेल्या त्या डोक्यातून चौसष्ट येणं शक्यच नव्हतं.

त्यांनी घाईघाईने कडी काढली. "अडुसष्ट, गधडे! ये आत. पुन्हा पहिल्यापासून म्हण."