उरलेली अर्धी गल्ली

फुकट शिलाई मशीन वाटायच्या योजनेचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला सरकारी माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्या गल्लीला मशीन मिळालं आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला नुसते प्रश्न. धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या वाट्याला प्रश्न आले. तीन वर्षं दर महिन्याला पाहणीवाली बाई दारात यायची, काल किती वेळा जेवलात, पोरीची शाळा का सुटली, असं विचारून आकडे भरून न्यायची. तेवढ्या काळात समोर राहणाऱ्या, मशीन मिळालेल्या जावेच्या घरावरचा पत्रा जाऊन पक्का स्लॅब आला.

शेवटी अहवाल आला. योजना यशस्वी! मोठ्या साहेबांना कौतुकाचं असं भरतं आलं की त्यांनी मावशींनाही मंचावर बोलावलं. "या मावशी होत्या तिथेच राहिल्या, म्हणून तर आपल्याला फरक कळला," असं म्हणून त्यांनी मावशींच्या हातात प्रशस्तिपत्रक ठेवलं आणि लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मावशींनी सरळ माईकच ओढला. "साहेब, मग आता आम्हालाही मशीन देणार ना?"

साहेब लहान मुलाची समजूत घालावी तसे हसले.

"देणार की! पण समोरच्यांचा फायदा टिकतो का, तेवढं बघू द्या. अजून पाच वर्षं जरा अशाच राहा."