मराठी पाटी

पंच्याहत्तर साली, पन्नाशी ओलांडल्यावर, वाटूरच्या सत्यशीलाबाई अक्षरं शिकल्या आणि भाच्याला घेऊन मुंबईचं मोठं संग्रहालय पाहायला आल्या. "म्या वाचून सांगते, तू मधी बोलू नको," असं त्यांनी शिवाजीला गाडीतच बजावलं होतं.

पण तलवारीखाली इंग्रजी, नाण्यांखाली इंग्रजी, बुद्धाच्या दगडी मूर्तीखालीही इंग्रजीच.

"मावशी, मी वाचू का?"

"मंग म्या कशाला शिकले रे? एक तरी पाटी मराठीत असंलच की!"

मूर्तीच्या बाजूलाच एक सापडली. बाई खुलल्या आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागल्या, "हा-त ला-वू न-ये."



"शिवाजी, हे तर गावच्या विहिरीवर, अक्षर येत नव्हतं तवाच पाठ झाल्तं रे."