माझ्या बाजूला

लेकीनं भाड्याच्या गाडीच्या काचेला ते रस्ता सांगणारं यंत्र चिकटवलं आणि आईच्या मांडीवरचा नकाशा अलगद उचलला.

"आई, आता तू मागे बस. मस्त पाय पसर, बाहेर बघ, डुलकी काढ. प्रत्येक सहलीत नकाशात डोकं घालून बसलीस. एक डोंगर धड बघितला नाहीस."

हे डॉक्टरीणबाईंनाही मान्यच होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या शेजारची जागा त्यांची. गाड्या बदलल्या, चष्म्याचे नंबर बदलले, जागा कधी बदलली नाही. ह्या परदेशच्या सहलीसाठीसुद्धा त्यांनी घरी बसून नकाशाच्या घड्यांना मागून चिकटपट्टी लावली होती. "बरं बाई," म्हणत त्या उतरल्या आणि मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसल्या. वाईट वाटलं त्यांना. खोटं कशाला बोला!

लेक पुढे बसली. डॉक्टरांनी एकदा मागे वळून बघितलं आणि गाडी सुरू केली. इथे स्टिअरिंग डाव्या बाजूला, सगळाच उलटा कारभार. वळायचा दिवा लावायला गेले आणि लख्ख उन्हात वायपर फिरायला लागले.

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," यंत्रातली बाई म्हणाली. आवाज गोड, उच्चार शुद्ध.

डॉक्टरांची स्टिअरिंगवरची बोटं पेन धरल्यासारखी हलली. आपला लिहायचा हात कुठला हे चाचपेपर्यंत वळण आलं, आणि गाडी ऐटीत डावीकडे गेली.

"बाबा! उजवीकडे म्हणाली ना ती!"

"कुणाच्या उजवीकडे?"

लेकीला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. चेष्टा कसली! डॉक्टर दातांचे. सगळी हयात समोर आ वासून बसलेल्या माणसांच्या तोंडात गेलेली. पेशंटची डावी दाढ ती डॉक्टरांच्या उजव्या हाताला. दवाखान्यात त्यांची एक दाढ कधी चुकली नाही, पण बाहेर पडल्यावर कुणी डावं-उजवं म्हटलं की संपलंच.

मागे डॉक्टरीणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आता हे आपलं काम नाही ना, मग नाही.

पुढच्या चौकात बाई डावीकडे म्हणाली, डॉक्टर उजवीकडे गेले. त्याच्या पुढच्या वळणावर लेक "इकडे, बाबा, इकडे!" म्हणून ओरडली, तेव्हा घाबरून सरळच गेले. "नवा मार्ग शोधत आहे," बाई दर वेळी म्हणे. तिच्या सोशिकपणाची कमालच म्हणायची. असे नवे नवे मार्ग शोधता शोधता एक ओळखीचं फाटक समोर आलं. जिथून गाडी घेतली होती तेच आवार.

गाडीवाला हात पुसत बाहेर आला. काही विसरलात का, त्यानं विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. ते खाली उतरले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. "ये गं पुढे. तुझ्याशिवाय माझ्याच्यानं हे गाव सुटायचं नाही."

"अहो, पण पोरीनं एवढ्या हौसेनं ते यंत्र..."

"यंत्र राहू दे तिथेच. तू ये."

डॉक्टरीणबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पुढे बसून त्यांनी नकाशा मांडीवर पसरला, गाडीचं तोंड होतं त्या दिशेला फिरवून घेतला आणि एका तळ्याकाठच्या बाकाच्या खुणेवर बोट ठेवलं. दुपारचं खाणं तिथे, हे त्यांनी घरीच ठरवलं होतं. चेहरा असा खुलला होता की मागे बसलेल्या लेकीला हसूच आलं.

"बंद करू का गं ते यंत्र?" लेकीनं विचारलं.

"नको, असू दे बिचारीला. रस्ते तिला चांगले ठाऊक आहेत. तिनं मला सांगायचं, मी ह्यांना सांगते. परक्या बाईचं हे ऐकत नाहीत."

गाडी फाटकाबाहेर पडली.

"शंभर मीटरवर उजवीकडे वळा."

"माझ्या बाजूला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांची बोटं हललीसुद्धा नाहीत. गाडी उजवीकडे वळली.

"पुढील चौकात डावीकडे वळा."

"तुमच्या बाजूला."

गाडी डावीकडे वळली. वायपर मात्र दोन्ही वेळा फिरले.

लेक बघत राहिली. लहानपणी मागच्या सीटवर पेंगता पेंगता तिनं हे माझ्या-बाजूला, तुमच्या-बाजूला किती वेळा ऐकलं होतं. तिला वाटायचं, आईबाबांचं काहीतरी लाडीक भांडण चाललंय.

"आई, मग मघाशी गप्प का बसलीस? मागून सांगायचंस ना."

"मागून कसं सांगणार?" नकाशावरचं बोट न हलवता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधोमध बसले होते मी. मला बाजू कुठे होती?"

लेकीनं मागून हात लांबवून यंत्राचा आवाज कमी केला. आईला ऐकू जाईल, तेवढाच ठेवला.