पुलाच्या अलीकडे

पुलाच्या मधोमध राज्याची हद्द होती. तिथं पोचताच चारुताच्या दंडात बसवलेली औषधाची कुपी थरथरली. मुलगा म्हणून जन्मलेल्या चारुताला बाई म्हणून जगता यावं, म्हणून ती कुपी रोज थोडे हार्मोन रक्तात सोडायची. पण पलीकडच्या राज्यात चार वर्षांपूर्वी कायदा झाला होता, आणि तिथं पाऊल टाकताच अशी कुपी कायमची बंद पडायची. तेव्हापासून चारुता पलीकडे वडिलांच्या घरी गेली नव्हती. आता त्यांचा आजार बळावला होता.

तिनं फोन लावला. “आप्पा, मी येतेय. बंद पडली तर पडू दे.”

“तिथंच थांब,” आप्पा धापा टाकत म्हणाले. “कायदा तुला अडवतो, मला नाही.”

तासाभरानं आप्पांना घेऊन समोरून रुग्णवाहिका हद्द ओलांडून आली. चारुता आत चढली, तिला रडू आवरेना.

“रडतेस काय? तुझं घर दाखव.”

आप्पा तिच्या घरी नऊ दिवस जगले. येईल त्याला सांगायचे, “हे माझ्या लेकीचं घर.” दहाव्या दिवशी अग्नी तिनंच दिला.