तापाची चित्रं

"काच म्हटली की ऊन आलं," जुन्या चित्रांची निगा राखणारी संवर्धक म्हणाली. "आणि ऊन आलं की ही चित्रं गेली."

टेबलावर पुठ्ठ्याचं दालन होतं. आर्किटेक्टनं त्याचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं होतं. आत, एकाच भिंतीवर, बोटाच्या पेराएवढी चित्रं चिकटवलेली होती.

मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, इतकी कलादालनं बांधलीत तुम्ही. छपराला काच हवीच का?"

"हवीच. नसेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

ती असं कधी बोलत नसे. जागा कमी आहे म्हटलं की ती जिना वळवून द्यायची, उंची नको म्हटलं की छत खाली आणायची. पण हे दालन तिच्या वडिलांच्या चित्रांसाठी होतं. लेकीची माया बोलतेय, असं सगळ्यांनी मनाशी म्हटलं.

वडील चाकांच्या खुर्चीत बसले होते. त्यांना सगळेच नाना म्हणत. "मला तळघरात टांगू नका," ते म्हणाले. "मेल्यावर अंधारच आहे. ही लहान असताना म्हणायचो, ही काय उजेड पाडणार! आता पाडतेय तर पाडू द्या."

सगळे हसले. संवर्धक हसली नाही.

"नाना, तुमचा हा लाल रंग किड्यांपासून काढलेला आहे. उन्हात तो सगळ्यांच्या आधी उडतो. निळा राहील, काळा राहील. गालांवरचा लाल गेला तर या चित्रांत उरलं काय?"

चित्रं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तापानं फणफणलेली लहान मुलगी, पांढरी उशी, आणि गालांवर तो लाल. आजारी लेकीच्या उशाशी बसून बापानं काढलेली ही चित्रं शाळेच्या पुस्तकातसुद्धा होती. मुलगी वाचली, पण तिचे कान कायमचे गेले. आर्किटेक्टची ती धाकटी बहीण.

"काचेखाली पडदे लावू," आर्किटेक्ट शांतपणे म्हणाली. "उजेड मोजणारा एक डोळा बसवू. मर्यादेपेक्षा उजेड वाढला की पडदे आपोआप मिटतील."

संवर्धक दुसऱ्या गावी राहायची. वरचेवर येणं तिला शक्य नव्हतं. "तो डोळा काय मोजतो ते दर महिन्याला मला कळवायचं," ती म्हणाली.

"कळवू. तो मोजेल ते सगळं."

काच मंजूर झाली.

घरी धाकटीनं दार उघडलं आणि ताईच्या ओठांकडे पाहिलं.

"मिळाली," आर्किटेक्ट म्हणाली.

"दिसतंयच. लग्न ठरल्यासारखं तोंड झालंय तुझं." धाकटीचा आवाज सपाट होता, चढउतार नसलेला. "नाना खूश?"

"फार."

"मग झालं तर." तिनं ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि दार लावलं.

दालन उभं राहिलं. छपराखाली एक रुंद तुळई आडवी गेली होती. उजेड मोजणारा डोळा बसवायला आर्किटेक्ट स्वतः शिडीवर चढली. मिस्त्री खालून म्हणत राहिला, "बाई, आम्ही कशाला आहोत मग? शोभेला?" तिनं तो तुळईच्या आडोशाला, पार आत बसवला.

तपासणीला आलेली संवर्धक मान वर करून बघत राहिली. "भिंतीवर का नाही बसवला?"

"चित्रांशेजारी डोळा लावला तर लोकांच्या डोळ्यांत खुपेल."

संवर्धक पहिल्यांदा हसली. मिस्त्रीनं शिडीवर चढून त्या डोळ्यावर दिवा धरला. वरचे पडदे सरसरत मिटले. दिवा विझवल्यावर पुन्हा उघडले. संवर्धकानं दोनदा तसं करायला लावून पाहिलं आणि मान हलवली.

उद्घाटन सकाळी झालं. दालनभर मऊ, पसरलेला उजेड होता. नानांच्या खुर्चीभोवती गर्दी जमली. एका वार्ताहरानं विचारलं, "पोटची पोर तापात असताना हात कसा चालला हो?"

"हात?" नाना खूश होऊन म्हणाले. "अहो, खिडकीतून काय उजेड येत होता! हिची आई मागे लागलेली, डॉक्टरला बोलवा, डॉक्टरला बोलवा. म्हटलं, तो येणार, औषध देणार, आणि ही लाली जाणार. दोन दिवस थांब. डॉक्टर काय, कधीही मिळतो."

वार्ताहरानं ते वहीत उतरवून घेतलं.

"याला म्हणतात तपश्चर्या," अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

धाकटी भिंतीला टेकून नानांच्या ओठांकडे बघत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला त्या ऐकूच आल्या नाहीत, असं लोकांना वाटलं.

जाताना नानांनी थोरलीचा हात धरला. "नाव काढलंस," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "खरंच उजेड पाडलास, पोरी."

"तुमच्याकडूनच शिकले, नाना."

त्यांना घरी नेलं. संवर्धकही गावाला जायला निघाली. पाहुणे जेवायला गेले. दालनात दोघी बहिणीच राहिल्या.

दुपार कलली. ऊन काचेवरून सरकत तुळईच्या पलीकडे आलं आणि सरळ भिंतीवर पडलं. एकेक चित्र लखलखीत झालं. धाकटीनं वर पाहिलं. तुळईच्या आडोशाला तो डोळा सावलीतच होता; पडदे उघडेच होते. ती वाट बघत राहिली. पडदे हलले नाहीत.

ती पहिल्या चित्राजवळ गेली. उशीवरच्या त्या लाल गालांना तिनं हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "हिचा ताप कधी उतरेल?"

तिला ओठ नीट दिसावेत म्हणून आर्किटेक्ट तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"उतरायला लागलाय."