छत्री कुणी खाल्ली

"आई आजही नीट हसलीच नाही," सई म्हणाली. "म्हणून झोप येत नाहीये." शेजारी जाईही डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती.

यशोधनने पाचव्यांदा सुरुवात केली. प्रसूतिगृहातच बाळाला झोपेची किल्ली बसवून देत. किल्ली म्हणजे आईबापांच्या आवाजातलं एक बडबडगीत. ते ध्वनिमुद्रणात होतं तस्संच म्हटलं, तरच मूल झोपे. चार वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रणाच्या वेळी यशोधन नेमका ओळ विसरला होता आणि केतकी हसली होती. त्यामुळे रोज नऊ वाजता त्याला विसरावं लागे आणि तिला हसावं लागे. त्यात त्याने न विचारता तिची स्कूटर विकल्यापासून, गेले आठ दिवस, दोघांचा अबोला होता.

"बेडूकराव, बेडूकराव, छत्री कुठं ठेवली? ठेवली होती तळ्याकाठी... अगं, कुणी खाल्ली?"

"म्हशीनं, वेडोबा! हा हा हा," केतकी पाढे म्हटल्यासारखी हसली.

जुळ्या टक्क जाग्या.

सहाव्या खेपेला यशोधन तळ्याकाठी थांबला. थांबायचं होतंच, पण आता पुढचं खरंच आठवेना. "अगं," तो घाबरून म्हणाला, "कुणी खाल्ली?"

केतकीने त्याचा चेहरा पाहिला. "म्हशीनं, वेडोबा!" म्हणता म्हणता तिला खदखदून हसू फुटलं.

मुलींचे डोळे मिटले.

"खरंच विसरलास?" तिने हळूच विचारलं. जुन्या काळचा, बिनकिल्लीचा यशोधन पलंगाच्या पायथ्याशी बसल्या बसल्या घोरत होता.

"स्कूटरचं उद्या बघते तुझ्याकडे," म्हणत तिने त्याच्या मानेखाली उशी सरकवली.